सुभेदारांच्या नावाची कमान हवी, की त्यांची रविवारची बैठक?

खाडीकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावच्या सुभेदारांना जाऊन आता वर्ष होईल. येत्या ग्रामसभेत त्यांच्या स्मारकाचा ठराव येतोय. एसटी थांब्यापाशी, बाजारपेठेत शिरायच्या तोंडाला त्यांच्या नावाची कमान उभारायची, असं गावकीचं आणि मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाचं जवळपास ठरलंय. वर्गणीचं पत्रकही निघालंय. मला या कमानीबद्दल बोलायचंय, पण त्याआधी सुभेदारांबद्दल, कारण इथल्या बहुतेकांनी त्यांना पाहिलेलं नाही. घरच्यांची इच्छा म्हणून नाव आणि गाव लिहीत नाही. मंडणगड तालुका, बाणकोटच्या खाडीचा पट्टा, एवढं पुरे.

सुभेदार बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करातल्या खडकीच्या अभियंता पलटणीचे. १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर शकरगडच्या भागात सुरुंग काढायच्या कामावर होते. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं की मुलं हमखास विचारायची, "किती शत्रू मारले?" ते सांगायचे, "आमचं काम वाट मोकळी करायचं. मागून येणाऱ्याचा पाय शाबूत राहिला पाहिजे." मग बाकावर वाळू पसरून सुरुंग कसा शोधतात ते दाखवायचे. सळई तिरकी धरायची, साधारण तीस अंशांत, आणि बोटाबोटाने आत सरकवायची. उभी खुपसली तर सुरुंगाच्या डोक्यावरच दाब येतो. तिरकी गेली तर त्याच्या कुशीला लागते आणि हाताला कळतं. पोरं श्वास रोखून बघायची.

निवृत्त होऊन गावी आले तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडलेली. हवं असतं तर मुंबईत सिक्युरिटीची नोकरी मिळाली असती, त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी तेच केलं. हे गावात राहिले. सरपंचकी दोनदा चालून आली, दोन्ही वेळा नाही म्हणाले. त्यांनी जे केलं ते कुठल्याही पदावर न बसता केलं, आणि त्यात दोन गोष्टी मोठ्या. एक पाण्याची, एक कागदाची.

पाण्याची आधी सांगतो. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तरी एप्रिलच्या अखेरीला वरच्या वाड्यांना टँकर लागतो. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. पण जांभा सच्छिद्र आणि उतार तीव्र. पडलेलं पाणी पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, धावत खाडीला मिळतं आणि दिवाळी सरता सरता विहिरी तळ दाखवू लागतात. सुभेदारांनी वरच्या वाडीच्या पऱ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचे बंधारे घालायला सुरुवात केली. वनराई बंधारा सगळ्यांना माहीत आहे, त्यात नवीन काही नाही. नवीन होती ती जागा निवडायची रीत. हातात लोखंडी सळई घेऊन ते पऱ्याच्या पात्रात उतरायचे आणि हात-दीड हातावर ती जमिनीत सारत जायचे, तशीच तिरकी, तशीच सावकाश. खाली कातळ कुठे लागतो, चिकण माती कुठे, नुसती वाळू कुठे, याचा कोळशाने कागदावर नकाशा. वाळूवर बंधारा घातला तर पाणी खालून निसटतं, वर्षाची मेहनत वाया. जिथे दोन्ही काठांना आणि तळाला कातळ लागेल तिथेच गोण्या रचायच्या, गवंडी चिरे रचतो तशा सांधे मोडून, आणि दोन थरांच्या मध्ये चिकण माती ठोकून बसवायची. ऑक्टोबरच्या शेवटी, पाण्याचा जोर ओसरला की श्रमदान, आणि मे महिन्यात गोण्या काढून घ्यायच्या, नाहीतर पहिल्या पुरात त्या कुणाच्या तरी शेतात जाऊन बसतात. गोण्या काढण्याच्या दिवशी माणसं कमी यायची. सुभेदार त्या दिवशी सर्वांत आधी हजर असायचे.

टँकर बंद झाला, असं मी म्हणणार नाही. दोन वाड्यांचा बंद झाला. तिसऱ्या वाडीला सोयीची जागाच सापडली नाही आणि ते त्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं.

आता कागद. वाचनालयाच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी त्यांची बैठक. सुरुवात माजी सैनिकांच्या पेन्शनपासून झाली. मग संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, सातबाऱ्यावरची वारस नोंद, वीजबिलाची तक्रार, सगळंच येऊ लागलं. एक लांबोडकी वही. रकाने चार: नाव, काम, कुठे अडलं, पुढची तारीख. तिसरा रकाना महत्त्वाचा. बहुतेकांना आपलं काम 'होत नाही' एवढंच माहीत असतं, ते कुठल्या टेबलावर आणि कशामुळे थांबलंय हे माहीत नसतं. ते शोधून काढलं की निम्मं काम झालं, असं ते म्हणत.

त्या वहीचं मोल मला कळलं ते निसर्ग वादळात. ३ जून २०२०. लॉकडाउन चालू, मुंबईहून आलेली माणसं शाळेत विलगीकरणात, आणि वर हे वादळ. सुपारीच्या बागा मुळासकट आडव्या, कौलं-पत्रे उडालेले, मोबाईलचे टॉवर गेले, वीज कितीतरी आठवडे नव्हती. नळयोजनेचा पंप बंद म्हणून बुजत आलेल्या विहिरींवर पुन्हा रहाट लागले. वारा पडल्यावर गाव आपापल्या घरात कौलं वेचत होतं. सुभेदारांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोरं घेतली, शाळेची वही घेतली आणि वाडीवाडीने फिरून घरटी नोंद सुरू केली: छप्पर किती गेलं, भिंत कुठली पडली, झाडं कुठली, गोठ्यात जनावर आहे का, घरात आजारी कोण, कुणाची औषधं संपत आलीत. वय सत्तरीच्या पुढे. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला पोचले तेव्हा लोक पडलेली झाडं तोडून, पत्रे सारखे करून बसले होते, म्हणजे नुकसानीचा पुरावाच नाहीसा. तेव्हा ती वही पुढे झाली. घर चुकलं, नाव राहिलं, अशा तक्रारी आमच्याकडे आसपासच्या गावांपेक्षा कमी आल्या, त्याचं कारण ती वही.

म्हणून माझं म्हणणं. ते गेल्यापासून रविवारची बैठक बंद आहे. वही वाचनालयाच्या कपाटात आहे आणि तिच्यात 'पुढची तारीख' उलटून गेलेली कामं पडून आहेत. कमानीला जमतील ते पैसे आणि मुख्य म्हणजे ती उमेद या बैठकीसाठी वापरावी. तुमच्या गावात असं काही चालत असेल तर कसं चालवता तेही सांगा.

परळचा चाकरमानी

धागा आवडला. पण कमानीची बाजू मी मांडतो, कारण मुंबई मंडळांना नेहमीच नावं ठेवली जातात.

माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशिनगनच्या ठाण्यावर चाल करून गेले आणि तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तो पुतळा नसता तर माझ्या पिढीतल्या किती जणांना ते ठाऊक असते? मी लहानपणी एसटीतून उतरल्यावर वडिलांना विचारलं म्हणून मला कळलं. कोकणात कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. नावं नाहीत, नुसते आकडे. आज त्या गावांतही कुणाला सांगता येत नाही की ते कोण होते. नाव कोरलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. बैठकही व्हावी, पण बैठक माणसांवर चालते आणि माणसं पांगतात. दगड राहतो.

निवृत्त सॅपर

सुभेदारांना माझा सॅल्यूट. मीही खडकीचाच, त्यांच्या बराच नंतरचा.

सळईचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे प्रत्येक रंगरूटाला राम राघोबा राणे यांची गोष्ट सांगतात. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. सुरुंग आणि तोडलेल्या झाडांचे अडथळे, वरून मॉर्टरचा मारा. ८ तारखेला स्वतः जखमी झाले, त्यांच्या तुकडीतले दोघे गेले. तरी ११ तारखेला रणगाडे चिंगसला पोचेपर्यंत हा माणूस वाट काढत राहिला. एका ठिकाणी तर रणगाड्याच्या खाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत पुढे गेले. जिवंतपणी परमवीरचक्र मिळालं, मेजर म्हणून निवृत्त झाले. २०२३ मध्ये अंदमानच्या एका बेटाला त्यांचं नाव दिलं गेलं. सॅपरचं सगळं शौर्य असंच असतं, मागच्याला जाता यावं म्हणून. तुमच्या सुभेदारांनी गावी येऊन वेगळं काही केलं नाही. तेच केलं.

बैठकीबद्दल: मी दापोलीत असतो. महिन्यातले दोन रविवार येऊ शकतो. पेन्शनची कामं मी बघेन. पण एक सांगून ठेवतो, आता पूर्वीसारखं पोस्टाने पत्र धाडून भागत नाही. सगळं 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर आहे. लॉगिन, मोबाईल नंबर, आधार जोडणी. संगणक हाताळणारं कुणीतरी सोबत पाहिजे.

अबोली

मी या बैठकीची लाभार्थी आहे, म्हणून लिहिते.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ते गेले तेव्हा आईची कुटुंब पेन्शन अडली. कारण असं की लग्नानंतर वडिलांनी पलटणीत आईचं जे नाव कळवलं ते माहेरचं. आमच्याकडे लग्नात नाव बदलतात. रेशनकार्ड, मतदार यादी, आधार, सगळीकडे सासरचं नाव. बेळगावच्या अभिलेख कार्यालयाच्या हिशेबी ही बाई वेगळी आणि ती वेगळी. आई मला म्हणायची, "चाळीस वर्षं संसार केला आणि मीच मी नाही असं लिहून आलंय."

एका एजंटाने काम करून देतो म्हणून पैसे घेतले आणि तो फिरकलाच नाही. मग कुणीतरी सुभेदारांकडे पाठवलं. त्यांनी आधी वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटतानाची नोंदपुस्तिका, मागितलं, ते शेवटपर्यंत वाचलं, आणि आईला विचारलं, "तुमचा दोघांचा एकत्र फोटो आहे का? लग्नाचा, जत्रेतला, कुठलाही." मग प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा आणि तहसीलचा दाखला, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याबद्दल पोलीस पाटलांचा जबाब, आणि ती पार्ट टू ऑर्डर. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला. पलटणीच्या दप्तरात नाव बदलल्याची तशी ऑर्डर निघाली की पुढचं आपोआप सुटतं. ती निघायला कितीतरी महिने लागले. मधल्या काळात आईने दोनदा सांगितलं, "राहू दे आता." दोन्ही वेळा सुभेदार वही घेऊन घरी आले आणि पुढची तारीख घालून गेले.

पहिली पेन्शन आली तेव्हा आईने त्यांना साडीच्या घडीतून पाचशेची नोट काढून दिली. त्यांनी ती घेतली आणि वाचनालयाची पावती फाडून दिली. ती पावती अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे.

कमान की बैठक, माझं मत वेगळं सांगायला नको.

रेवतळ्याचो

बरां केलास हो धागो काढलास. आमच्या वाडीत नेव्हीतसून इललो एक म्हातारो होतो. 'खुकरी' बोट बुडाली ना १९७१ च्या ९ डिसेंबराक, दीवच्या दर्यात, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, तेतूर तेचो जोडीदार होतो. गावाक इल्यार तेणां एकच काम केल्यान, वाडीतल्या प्रत्येक पोराक पोवूक शिकयल्यान. चेडवांकव, म्हणजे मुलींकव. तेव्हा लोक नाक मुरडीत, चेडवां कसली पोवतत म्हणून. तो कोणाचा आयकूक नाय. होडयेत चढताना पोरां मोजी, उतारताना परत मोजी. तेच्या नावान कमान नाय, पुतळो नाय. पण आमच्या वाडीतलां पोर तेच्यानंतर खाडयेत बुडाक नाय.

महाडकर

फौजेतून परत येऊन गावाचं काम करणारी माणसं ही कोकणातली फार जुनी परंपरा आहे आणि ती या धाग्यावर नोंदली जावी.

गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीत राहिले. तेव्हा 'कँप दापोली' म्हणजे लष्करी पेन्शनरांची वस्तीच. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा माणूस. अस्पृश्यतेविरुद्ध वर्तमानपत्रांतून लिहिलं, अनार्य दोष परिहारक मंडळी काढली, महारांची लष्करभरती सरकारने बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केला. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली तर उच्चवर्णीय सभासद त्यांच्यासोबत बैठकीला बसायला तयार नव्हते. तरी ते बसले. विचार करा, पलटणीत हवालदारी केलेला माणूस, आणि आपल्या तालुक्याच्या बोर्डात खुर्चीसाठी लढाई.

बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, मूळ आंबडव्याचे, म्हणजे तुमच्याच मंडणगड तालुक्यातले. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीत होते. आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्यात लष्करी पेन्शनर पुढे होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सभासद बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलंही केलं होतं. कागदावर. तो कागद प्रत्यक्षात आणायला माणसांना तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. तुमच्या सुभेदारांच्या वहीतला तिसरा रकाना, 'कुठे अडलं', वाचून मला तेच आठवलं.

पलटणीने या माणसांना लिहायला-वाचायला शिकवलं, अर्ज कसा करायचा, वरिष्ठापुढे न घाबरता कसं बोलायचं ते शिकवलं. गावी परतल्यावर ते शिक्षण त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. इतिहासात लढायांची पानं भरपूर असतात, या दुसऱ्या अर्ध्या आयुष्यांची फार थोडी.

काठावरचा

मी त्याच गावचा आहे. सगळं चांगलंच लिहिलं जातंय म्हणून दुसरी बाजूही यावी.

सुभेदार फार कडक होते. श्रमदानाला कोण आलं, कोण नाही, याची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायचे. माझे वडील त्या वर्षी पाठीच्या दुखण्याने अंथरुणावर होते, त्यांचंही नाव गैरहजर म्हणून वाचलं गेलं. वडिलांच्या मनाला ते लागलं, ते पुन्हा कधी श्रमदानाला गेले नाहीत. खारबांधाच्या उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, दुरुस्तीवरून शेतकरी आणि मच्छीमारी करणारे यांच्यात वाद झाला तेव्हाही दोन्ही बाजूंचं पुरतं ऐकून न घेता त्यांनी एक तोडगा लादला. फौजेत हुकूम चालतो. गावात समजूत काढावी लागते. हे ते उशिरा शिकले, काही बाबतींत शिकलेच नाहीत.

मला त्यांच्याबद्दल आदर नाही असं नाही. पण बैठक पुन्हा चालू करायची तर ती एका माणसाच्या दराऱ्यावर चालू नये.

खाडीकाठ

काठावरचा, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. यादी वाचायची पद्धत मलाही पटत नसे. उघाडीच्या वादात मात्र मी थोडं वेगळं सांगेन. त्या वर्षी उधाणाला बांध फुटायच्या बेतात होता आणि दोन्ही बाजू महिनाभर हटून बसल्या होत्या. कुणीतरी निर्णय घेणं भाग होतं. पण लादलेला निर्णय टिकला नाही हेही खरं, दोन वर्षांत पुन्हा तोच वाद उभा राहिला.

दराऱ्याबद्दलचा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी बैठक म्हणतोय. वही चार जणांच्या हातात असावी.

रानजाई

इतका वेळ वाचतेय. सुभेदारीणकाकींचं कुणी नावच घेतलं नाही.

सुभेदार पंधरा-वीस वर्षं सीमेवर होते तेव्हा भातशेती कुणी केली, सासू-सासऱ्यांचं कुणी केलं? काकींनी. निवृत्तीनंतर हे दिवसभर गावाच्या कामात, घरची काजूची बाग पुन्हा काकींच्याच अंगावर. बंधाऱ्याच्या श्रमदानाला गोण्या भरायला आणि शिवायला सर्वांत जास्त बायका असायच्या, कारण पाण्याला दोन डोंगर उतरून त्यांनाच जावं लागायचं. गोणीत वाळू किती भरायची, तोंड कसं शिवायचं म्हणजे रचताना ती सपाट बसते, हे काकींनी शिकवलेलं. गच्च भरलेली गोणी गोल होते आणि घरंगळते. पाऊण भरायची. हे सुभेदारांनाही आधी जमत नव्हतं, पहिल्या वर्षीचा बंधारा त्यामुळेच वाहून गेला होता.

काकी अजून आहेत. कमानीचं त्यांना विचारलंय का कुणी? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कमानीखालून एसटी जाईल का नीट, ते बघा म्हणजे झालं." आणि मग म्हणाल्या, "ह्यांच्या वहीतली कामं तेवढी पुरी करा."

परळचा चाकरमानी

काकींनी असं म्हटलं असेल तर माझा आग्रह मी मागे घेतो. मंडळाच्या बैठकीत हे मांडतो. मात्र वाचनालयाच्या ओट्यावर त्यांच्या नावाची छोटी पाटी लागावी, एवढं तरी मान्य करा. जांभ्यातच कोरून घेऊ. आणि वर्गणीतून संगणक, प्रिंटर, इन्व्हर्टर, एवढं मंडळ देईल. वादळात वीज गेली की काय होतं ते वर वाचलंच.

खाडीकाठ

पाटी मान्य. आनंदाने मान्य.

एक आठवण या निमित्ताने. २०२० मध्ये राज्य सरकारने माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली. आमच्याकडे काही जुने सैनिक म्हणाले, आम्हाला नको, गावाचं उत्पन्न बुडतं. सुभेदारांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "हक्काचं आहे ते घ्यायचं. तू सोडलंस तर तुझ्या मागच्या विधवेला मागायची लाज वाटेल." सगळ्यांचे अर्ज स्वतः भरून घेतले, आपलाही भरला. त्यागाची भाषा त्यांना आवडायची नाही. हक्क, नियम, तारीख, पोचपावती, हे त्यांचे शब्द.

आपलं सेवा केंद्र

मी बाजारपेठेत आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. रविवारी सकाळी दोन तास वाचनालयात बसायला तयार आहे, त्या वेळेत कुणाकडून फी घेणार नाही. स्पर्शचं लॉगिन, जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला), आधारला मोबाईल जोडणं ही कामं माझ्याकडे. नोव्हेंबर जवळ येतोय, सगळ्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले द्यायचे आहेत. म्हाताऱ्या माणसांचे, त्यातून शेतीकाम केलेल्यांचे अंगठे मशिनवर उमटत नाहीत, रेघा झिजलेल्या असतात. त्यांच्यासाठी मोबाईलवर चेहरा ओळखून दाखला काढता येतो, ते मला येतं. जे अंथरुणावर आहेत त्यांची नावं आधी कळवा, घरी जाऊन करू.

निवृत्त सॅपर

उत्तम. मग पहिला रविवार आपण दोघं. मी वहीतली तारीख उलटलेली कामं आधी वाचून काढतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायची प्रकरणं वेगळी करू, ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डाची वेगळी. काठावरचा, तुम्हीही या. उघाडीचं प्रकरण वहीत असेल तर दोन्ही बाजूंना बोलावून तुम्हीच बोलणं करा, तुम्हाला दोन्हीकडची माणसं माहीत आहेत.

काठावरचा

येतो. वडिलांना विचारतो, तेही येतील बहुतेक.

सुपारीबाग

नमस्कार. मी पलीकडच्या काठावरची, श्रीवर्धन तालुक्यातली. दुसऱ्या जिल्ह्यातलं माणूस चालतं का तुमच्या बैठकीला? आजोबा गेल्या महिन्यात गेले, १९६५ आणि १९७१ दोन्ही लढायांत होते. आजीच्या नावाने काहीच झालेलं नाही. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत वादळात भिजून गेली. डिस्चार्ज बुक आहे, पण त्याची शेवटची पानं एकमेकांना चिकटलीत.

निवृत्त सॅपर

चालतं. पानं ओढून सोडवू नका, तशीच आणा. त्यावरचा सैनिक क्रमांक वाचता आला तरी पुरे, तेवढ्यावरून अभिलेख कार्यालयाकडे पीपीओची माहिती मागवता येते. सोबत मृत्यूचा दाखला, आजींचं आधार, बँकेचं पासबुक, आणि दोघांचा एकत्र फोटो असेल तर तो. आजोबांच्या पेन्शन खात्यातून तोवर पैसे काढू नका, ते गेल्याचं बँकेला आधी कळवा, नाहीतर नंतर वसुली लागते. आजींना आणायची घाई नको. पहिल्यांदा तुम्ही या, सकाळची फेरीबोट धरून.